कोटाच्या गाण्याचं तिसरं कडवं

मँचेस्टरला मास्टर्स करायला आले आणि विद्यापीठाच्या हॉस्टेलचं भाडं ऐकून डोळे पांढरे झाले, तेव्हा मराठी मंडळातल्या एका बाईंनी मला त्या घराचा पत्ता दिला. मूळचे मिरजेचे, निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको. मुलगी लग्नाची, नोकरीसाठी लंडनला. वरची खोली रिकामी. पत्ता देताना बाई म्हणाल्या की माणसं सोन्यासारखी आहेत, फक्त त्यांच्यापुढे गाण्याचा विषय काढू नकोस.

मी काढला नाही. काढायची वेळच आली नाही. दोन बॅगा घेऊन ट्रॅममधून उतरून, भिजून, त्यांच्या दारात उभी राहिले. दार उघडणाऱ्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी, गळ्यात टाय आणि त्यावर हातानं विणलेला स्वेटर, मला आत घेतलं, टॉवेल दिला आणि विचारलं, "कोटाचं गाणं ऐकलंयस?"

मी नाही म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, खोली फुकट मिळतेय की काय.

"छान," ते म्हणाले. "म्हणजे तुला सगळं पहिल्यापासून सांगता येईल."

आणि त्यांनी सांगितलं. मी ओल्या मोज्यांनिशी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून ऐकलं. चहा आला, गार झाला, दुसरा आला. खोलीचं भाडं किती, हीटिंग कधी लावायचं, बाथरूम कुठलं, हे मला दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं. ते गाणं मात्र मी त्या दिवशी ऐकलं नाही. इतिहास सांगता सांगता जेवायची वेळ झाली आणि गाणं राहूनच गेलं. पुढे कळलं की ते बहुतेक वेळा राहूनच जातं. काकू म्हणत, "नमनालाच घडाभर तेल. नाटक काही मी अजून पाहिलेलं नाही."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'थोडक्यात' हा शब्द काकांना शिवीसारखा लागत असे, पण इथे त्यांचा इलाज नाही. हे अमेरिकेतलं जुनं कंट्री गाणं. म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतलं: एक गिटार, एक नाकातला आवाज, आणि कुणीतरी कुणालातरी सोडून चाललेलं. एक गरीब माणूस शहरात नोकरी बघायला निघतो. अंगावर धड कपडा नाही, म्हणून थोरल्या भावाचा एकुलता एक कोट मागून नेतो. रविवारी परत देतो म्हणतो. पहिल्या कडव्यात त्या कोटामुळे त्याला नोकरी मिळते, दुसऱ्यात मुलगी मिळते, आणि गाणं संपतं. त्यामुळे ते आनंदाचं समजलं जातं. इंग्लंडात ते लग्नात वाजतं, साठीशांतीला वाजतं, अंत्यविधीला वाजतं आणि सुपरमार्केटात बटाट्यांपाशीही वाजतं. जे सगळीकडे वाजतं त्यात ढीगभर व्हायोलिनं आहेत आणि मागे बायकांचा ताफा 'ऊऊऊ' करत असतो. काका त्याला साखरेची पुरणपोळी म्हणत. गूळ कुठे गेला, हा त्यांचा आयुष्यभराचा सवाल होता.

गूळ होता तिसऱ्या कडव्यात. काकांच्या सांगण्यानुसार मूळ गाण्याला तिसरं कडवं होतं. त्यात तो माणूस पुष्कळ वर्षांनी कोट परत द्यायला गावी जातो, तर भाऊ गेलेला असतो. शेजारी सांगतात की पुरताना अंगात घालायला आम्ही त्याचा कोट फार शोधला. मग तो कोट हातात घेऊन उभा राहतो, आणि गाणं तिथे संपतं. हे एका शिंप्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसानं लिहिलं, एका शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या बाजूला सारून पहिल्यांदा रेकॉर्ड झालं, आणि कुणी विकत घेतलं नाही. पुढे मोठ्या कंपनीतल्या कुणीतरी विचारलं की यावर नाचणार कोण. त्यांनी तिसरं कडवं कापलं, व्हायोलिनं ओतली आणि एका गुळगुळीत गवयाला उभं केलं. तेव्हापासून जग त्यावर नाचतंय.

काका पेशानं भूलतज्ज्ञ. त्यांच्या हॉस्पिटलातले सर्जन म्हणत की यांना इंजेक्शनची गरजच नाही, पेशंटला नुसता गाण्याचा इतिहास सुरू केला की काम होतं. हा विनोद काका स्वतःच सांगत आणि वर म्हणत की खरंच एकदा तसं झालं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये स्ट्रेचर ढकलणारा पोर्टर डेरेक, यानंच त्यांना या वाटेला लावलं. मिरजेहून नुकतंच आलेलं पोर, जेवण घशाखाली उतरत नाही, बोललेलं अर्धं कळत नाही. डेरेक त्यांना गुरुवारी गावाबाहेरच्या कामगारांच्या क्लबात घेऊन गेला. तिथे दिवसा कचऱ्याची गाडी चालवणारे आणि गिरणीत राबणारे लोक संध्याकाळी अमेरिकन गुराख्यांच्या हॅटा घालून कंट्री गाणी म्हणत. काका तेव्हापासून दर गुरुवारी तिथे जात. हॅट मात्र त्यांनी कधी घातली नाही. म्हणत, मी गुरं राखली नाहीत, खोटं कशाला बोलू. ते टाय लावून जात. त्या हॅटांच्या गर्दीत टायवाला एकच माणूस, म्हणून क्लबात तेच जास्त विचित्र दिसत.

त्यांची सांगण्याची पद्धत मिरजेची होती. लहानपणी देवळात कीर्तनं ऐकलेली. पूर्वरंग झाल्याशिवाय उत्तररंग नाही, निरूपण झाल्याशिवाय अभंगाला हात नाही, हा नियम त्यांनी अमेरिकेतल्या गाण्याला जसाच्या तसा लावला. उभं राहूनच सांगत. स्वयंपाकघरातला भांडी पुसायचा टॉवेल उपरण्यासारखा खांद्यावर टाकत. सुरुवात ठरलेली: "तुम्हाला ठाऊक आहे का, या गाण्याला तिसरं कडवं होतं?" शाळेच्या हॉलपाशी आले की थांबत, एकदा खोकत, पाण्याचा घोट घेत आणि पुढे जात. पहिल्यांदा मला वाटलं, सर्दी झालीय. मग लक्षात आलं की खोकला हा निरूपणाचाच भाग आहे. काकू खोकल्याच्या जरा आधी उठत आणि चुलीवरचा एक्स्ट्रॅक्टर पंखा सुरू करत. तो पंखा विमानासारखा ओरडे. काका आवाज वाढवत. शेजारच्या इंग्लिश म्हाताऱ्यांनाही तो इतिहास पाठ झाला असणार.

आता तुम्ही म्हणाल, मूळ तबकडी लावून तिसरं कडवं ऐकवायचं की. मीही तेच म्हटलं. काकांकडे ती तबकडी होती, डेरेकनं दिलेली. लावलीही. दोन कडवी झाली आणि सुई एका खोल चऱ्यावर चढून जी घसरली ती थेट शेवटच्या सुरावर. मधून कसेबसे दोनच शब्द निसटले, 'कोट' आणि 'फार मोठा'. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू साक्षात्कार झाला.

मी पुण्याची. आमच्याकडे साक्षात्काराचीही पावती मागतात. इंटरनेटवर हुडकलं तर तिसऱ्या कडव्याचा कुठे मागमूस नाही. क्लबात गेले तेव्हा डेरेकला बाजूला घेऊन विचारलं की ते कडवं तू कुणाकडून ऐकलंस. तो बिअरचा ग्लास खाली ठेवून मोठ्या विश्वासानं म्हणाला, डॉक्टरांकडून. घरी येऊन काकांना विचारलं, तुम्ही कुणाकडून ऐकलंत. "डेरेककडून," ते म्हणाले, "नाहीतर कुणाकडून?" दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. मला हसू आवरेना. काका मात्र गंभीर होऊन म्हणाले की याच्यासाठीच तर इतिहास सांगत राहावं लागतं, सांगायचं थांबलं की तिसरं कडवं संपलं. त्या दिवसापासून मी हसणं कमी केलं.

मला एकदा वाटलं होतं की यामागे काहीतरी जुनी जखम असणार. परदेशी आलेला माणूस, कोट, थोरला भाऊ, सगळं कसं जुळतं. एका रविवारी हिंमत करून विचारलं, काका, तुमच्या भावाचा कोट असाच राहून गेला होता का?

"मला भाऊ नाही," ते म्हणाले. "तीन बहिणी आहेत आणि तिघी ठणठणीत आहेत. अगं, गाणं आवडायला आपलंच काही दुखायला हवं का? मग मी आयुष्यभर जी अपेंडिक्सं झोपवली, ती काय माझी होती?"

ते महिनाभर मला तो प्रश्न ऐकवून दाखवत होते.

सुपरमार्केटातली गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. आम्ही गोठवलेल्या मटारांच्या रांगेत होतो आणि छतातून व्हायोलिनं सुरू झाली. काका थबकले. डबे मांडणारी एक मुलगी काम करता करता गाणं गुणगुणत होती. काका तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, तुम्हाला ठाऊक आहे का. मी ट्रॉली घेऊन दुसऱ्या गल्लीत सटकले, परत आले तेव्हा तिच्याबरोबर मॅनेजर उभा होता, दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, आणि काका शाळेच्या हॉलपाशी खोकत होते. कुणी हललं नाही. मटारांचं पाणी झालं. शेवटी ती मुलगी डोळे पुसत म्हणाली की तिच्या आईच्या अंत्यविधीला हेच गाणं होतं आणि तिला हे काही माहीत नव्हतं. घरी आल्यावर काकूंनी मटारांबद्दल विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "एक माणूस कमी झाला." म्हणजे न माहीत असलेल्यांतला.

पण सगळीकडे असं होत नसतं, आणि स्वभावाला औषध नाही.

मीनलचं लग्न झालं तोवर मी भाडेकरू राहिले नव्हते, घरचीच झाले होते. नोकरी लागली तरी खोली सोडली नव्हती. मीनल ही त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, सॉलिसिटर. नवरा लंडनमधल्या एजवेअरचा गुजराती मुलगा, अतिशय गोड. सासऱ्यांना एक गाणं जीव की प्राण आहे, एवढंच त्या बिचाऱ्याच्या कानावर आलेलं. कुठलं रूप, कुठलं कडवं, हे त्याला कोण सांगणार? मीनलला ऐकून ऐकून वीट आलेला, म्हणून तिनं त्याला कधी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हा सासऱ्यांना सरप्राइज म्हणून त्यानं पहिल्या नाचासाठी तेच गाणं डीजेला सांगून ठेवलं. दिवे मंद झाले. दोघं मधोमध येऊन उभी राहिली. व्हायोलिनं सुरू झाली. बायका ऊऊऊ करू लागल्या.

काका उठले. काकूंनी त्यांचा कोट धरला, तो त्यांच्या हातात राहिला. डीजेनं वडिलांना आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे असतील म्हणून गाणं थांबवून माइक दिला. त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला. पुढे काय झालं ते मला सांगवत नाही, पण सांगते. त्यांनी संपूर्ण सांगितलं. नवरानवरी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, ते हात हळूहळू खाली आले. केटररनं दोनदा डोकावून पाहिलं. एजवेअरच्या वऱ्हाडातल्या आजी झोपल्या. काकांनी मेलेल्या भावापर्यंत आणून गोष्ट संपवली, शुभेच्छा दिल्या आणि खाली बसले. नाच झाला नाही.

मीनल त्यांना बाहेर पार्किंगमध्ये घेऊन गेली. मी काकूंच्या शालीसाठी गाडीपाशी आले होते, म्हणून ऐकू आलं.

"बाबा, हा माझा लग्न होता," ती म्हणाली. "तुमचा प्रोग्रॅम नव्हता. आजपासून माझ्या घरात त्या सॉन्गचा नाव काढायचा नाही. प्रॉमिस करा."

त्यांनी प्रॉमिस केलं, आणि पाळलं. स्टॅनमोरला मुलीकडे जात तेव्हा हवामान, ट्रॅफिक, नातवाचे दात, एवढंच बोलत. थंडी आहे, कोट घाल, असं कुणी म्हटलं तरी ते खिडकीबाहेर बघत. मीनल चांगली मुलगी होती, रोज फोन करायची. पण बापलेकीच्या बोलण्यात मधे एक जागा रिकामी राहिली होती आणि दोघं तिला वळसा घालून जात. मला ते बघून वाईट वाटायचं. मी एकदा काकांना म्हटलं, तिला सॉरी म्हणा. ते म्हणाले, म्हटलं होतं, पण सॉरीच्या मागोमाग इतिहास तोंडात आला, म्हणून घाईनं फोन ठेवला.

शेवटच्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. जिना चढेनात, क्लबात जाता येईना. गुरुवारी डेरेक हॅट घालून घरी येऊन बसायचा. एकदा स्वयंपाकघरात काका मला म्हणाले की माझ्या अंत्यविधीला गाणं वाजव.

"पण इतिहासाशिवाय नाही," ते म्हणाले. "नुसतं गाणं वाजणार असेल तर नको. तू सांग."

मी म्हटलं, "काका, हे मीनलनं करायला हवं. तिला विचारा ना."

"तिला मी एकदा चारचौघांत लाजवलंय. पुन्हा नाही."

मी कबूल केलं. काकू पोळ्या करत होत्या. त्यांनी पंखा लावला नव्हता.

इथे मरणालाही अपॉइंटमेंट लागते, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना खरं वाटणार नाही. क्रिमेटोरियममध्ये प्रत्येकाला अर्ध्या तासाचा स्लॉट. एका दारानं आत जायचं, दुसऱ्या दारानं बाहेर पडायचं, कारण पुढचे लोक आपलं माणूस घेऊन गाडीत बसलेले असतात. पाऊण तासाचा इतिहास आणि अर्ध्या तासाचा स्लॉट, त्यातून मंत्र. मी कापून कापून तो दहा मिनिटांवर आणला होता आणि प्रत्येक काप घेताना काकांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. मीनलला मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, तू प्रॉमिस केलंयस तर कर, मी ऐकणार नाही, बसेन फक्त.

लेस्टरहून आलेल्या गुरुजींना घाई नव्हती. त्यांनी मंत्र म्हटले, मंत्रांचा अर्थ सांगितला, अर्थाचा इंग्रजीत अर्थ सांगितला. मागच्या रांगांत क्लबातले म्हातारे हॅटा मांडीवर ठेवून बसले होते. मी उठले तेव्हा काळ्या सुटातल्या तिथल्या माणसानं दारातून हाताची पाच बोटं दाखवली.

दहाचे पाच कसे करायचे, ते मला सुचेना. मी घाईघाईनं सुरुवात केली. तिसरं कडवं होतं, शिंप्याच्या हाताखालच्या माणसानं लिहिलं होतं, आणि पहिल्यांदा एका चर्चमध्ये रेकॉर्ड झालं.

"चर्च नाही," पुढच्या रांगेतून आवाज आला. "स्कूलचा हॉल होता."

मीनल उठली होती. ती माझ्याजवळ आली, मी बाजूला झाले. तिच्या गळ्यात काळा स्कार्फ होता. तो तिनं काढला आणि खांद्यावर टाकला. मला वाटत नाही की तिला ते कळलं.

तिनं पहिल्यापासून सुरू केलं. अर्धं मराठीत, अर्धं डेरेक आणि नवऱ्यासाठी इंग्रजीत. एक शब्द इकडचा तिकडे नाही. खुर्च्या बाजूला सारल्या, तिथे ती थांबली आणि खोकली. डेरेकनं तोंडावर हात धरला. काकूंनी डोळे मिटून घेतले.

काळा सूट पुन्हा आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला की गाणं लावायचं असेल तर आत्ताच लावावं लागेल, मग वेळ उरणार नाही. मीनलनं शवपेटीकडे पाहिलं.

"नो म्युझिक, थँक यू," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "सॉन्ग कुठेही मिळतं. बाबांचा हिस्ट्री अजून संपला नाही."

आणि तिनं तिसरं कडवं सांगितलं. नंतर इथे अग्नी द्यायच्या जागी असतं ते बटण तिनं दाबलं, शवपेटीपुढे पडदा सरकला, आणि आम्ही दुसऱ्या दारानं बाहेर पडलो. काकांच्या अंत्यविधीला त्यांचं गाणं राहूनच गेलं. मला वाटतं, त्यांची काही तक्रार नसती.

बाहेर फुलं मांडायच्या जागी आम्ही घोळक्यानं उभे होतो. पुढचे लोक आत गेले, दार लागलं. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून व्हायोलिनं ऐकू आली. पाठोपाठ बायकांचं ऊऊऊ. डेरेकनं हॅट डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली.

"साखरेची," काकू म्हणाल्या.

त्या लोकांच्या काळ्या गाडीचा ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता आणि पायानं ठेका धरत ते गाणं गुणगुणत होता. मीनल त्याच्याकडे बघत राहिली. नवऱ्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तोवर ती निघालीही होती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिनं स्कार्फ सारखा केला आणि इंग्रजीत विचारलं की तुम्हाला ठाऊक आहे का, या गाण्याला तिसरं कडवं होतं?

ड्रायव्हर नाही म्हणाला.

काकूंचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझा दंड धरला आणि मला बाकाकडे नेलं.

"बस," त्या म्हणाल्या. "आता पाऊण तास काही हलायचं नाही. आणि इथे पंखाही नाही."